दुसऱ्या मजल्यावरच्या बाई

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे खरंच घडलंय. मागच्या वर्षी, हडपसरला.

आणि रात्रीबेरात्री नाही... दर शनिवारी, संध्याकाळी पाचला.

पूर्णिमा खराडीला आयटीत. तिची स्वराली तिसरीत. बाकीच्यांची पोरं चार-चार क्लास करतात, आपली मागे पडायला नको, म्हणून तिला अबॅकसला घातलं.

क्लास बाजारातल्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. खाली गाडी लावायला तसूभर जागा नाही. म्हणून सगळे आईबाप करायचे तेच पूर्णिमाही करायची. स्कूटर चालूच ठेवायची. स्वरालीने वर जाऊन खिडकीतून हात हलवला, की ही निघाली.

वर जाऊन बघायची गरजच काय?

हळूहळू एक-एक गोष्ट खटकू लागली.

स्वरालीचं एकही गणित चुकेना.

"वर्गात कोण कोण असतं गं?"

"मी."

"आणि?"

"बाई."

बाई? हल्लीची पोरं मॅडम म्हणतात, टीचर म्हणतात...

"बाकीची मुलं?"

स्वराली पुन्हा गणितं सोडवू लागली.

पूर्णिमाच्या मनात नाही नाही ते आलं. कोण ही बाई? एकट्या पोरीला का बसवते? तिने तडक क्लासच्या नम्रता मॅडमना फोन लावला.

"अहो, तीन शनिवार स्वराली गायब आहे," मॅडम म्हणाल्या. "नवी जागा पसंत नाही वाटतं?"

"नवी जागा?"

"ग्रुपवर टाकलं होतं की. तुम्ही ग्रुप म्यूट केला असेल. सगळेच करतात. जुनी जागा आम्ही कधीच सोडली."

तीनही शनिवारी पोरीला हात हलवताना पूर्णिमाने स्वतः पाहिलं होतं.

ती तशीच तिथे गेली. दाराला कुलूप. कुलपावर धूळ.

आणि आतून अबॅकसच्या मण्यांचा आवाज... खट... खट...

तिने दाराला कान लावला. आवाज थांबला.

क्लास बंद केला. पण पुढचे दोन शनिवार, बरोबर पाचला, स्वराली तापाने फणफणली. डॉक्टरांना काही सापडेना. पूर्णिमा रडकुंडीला आली.

तिसऱ्या शनिवारी मात्र पोर ठणठणीत! पूर्णिमाने देवापुढे साखर ठेवली.

तेवढ्यात शेजारची मैत्री दारात भेटली. "आमच्या सौमित्रला आत्ताच अबॅकसला सोडून आले. तुमच्या स्वरालीनेच सांगितलं त्याला. त्या बाजारातल्या बाई फार छान शिकवतात म्हणे."

पूर्णिमाने घरात येऊन लेकीला गदागदा हलवलं. "का सांगितलंस त्याला?"

"बाई म्हणाल्या, सुटायचं असेल तर तुझ्या जागी कोणीतरी आण..."

पूर्णिमाने मैत्रीला हाक मारली. दोघी धावत सुटल्या. सौमित्र त्या बंद दाराबाहेर पायरीवर एकटाच बसला होता. डोळे मिटलेले. बोटं हवेत भराभर मणी सरकवत होती...

त्याला उचलून घरी आणलं. पुढच्या शनिवारी पाचला त्याला सणसणून ताप भरला. पूर्णिमा उशाशी बसून होती. अपराध्यासारखी.

त्यापुढच्या शनिवारी तोही एकदम बरा झाला. खाली खेळायला गेला.

मैत्रीला केवढा आनंद झाला. पूर्णिमाने मात्र तिला बाईंची अट सांगितली.

सौमित्रने शाळेत कोणाला सांगितलं, हे त्याला विचारायचं धाडस दोघींनाही अजून झालेलं नाही.