पाठमोरा

मुलांनो, डोळे उघडे ठेवून अंधाराची कल्पना करता येते का, बघा बरं. एक लांबट खोली आहे. खिडकी नाही. भिंतींना जाड कापूस लावून वरून तपकिरी कापड ठोकलंय, त्यामुळे बोललेलं परत घुमत नाही, तिथल्या तिथे विरून जातं. समोर पांढरा पडदा, अलीकडे माइक. आणि माइकपुढे, उंची पुरावी म्हणून लाकडी पेटीवर उभी केलेली नीवेस. वय अकरा, अंगात शाळेचा निळा डगला. दारावर लाल दिवा. तो पेटला की दार बाहेरून अडकवतात. मग कोणी आत यायचं नाही, कोणी बाहेर जायचं नाही.

नीवेस रोममध्ये राहायची आणि शाळा सुटली की सिनेमातल्या मुलांना आवाज द्यायची. तिकडे तेव्हा चित्रण आधी उरकत आणि आवाज मागाहून, अशा खोलीत बसवत. चेहरा एकाचा, गळा दुसऱ्याचा. त्यासाठी सिनेमाच्या फितीचा छोटा तुकडा कापून त्याची दोन टोकं एकमेकांना चिकटवायची. झालं कडं. हे कडं यंत्रात फिरत राहायचं आणि पडद्यावर तेच दृश्य पुन्हा पुन्हा येत राहायचं, आवाज ओठांवर नेमका बसेपर्यंत.

"ओठ बघ," सिन्योर बोंफांती पहिल्या दिवसापासून सांगत आले होते. बाजूच्या भिंतीतल्या जाड काचेपलीकडे बसून सगळ्यांकडून काम करून घेणारे ते हेच. स्वतःही ओठांपलीकडे काही बघत नसत. "डोळे नाही, हात नाही, मागचं घर नाही. बाकीचं बघायला लोक तिकीट काढतील."

त्या दुपारचा सिनेमा घाईत उरकलेला होता. त्या वर्षी असले बरेच निघत. बड्या घरची चार पोरं, उत्तम कोट घातलेली, रविवारी समुद्राकाठच्या एका बंगल्याची घंटा वाजवतात. हातात रिबिनीने बांधलेला मिठाईचा खोका. नमस्कार-चमत्कार करून आत येतात आणि एकेक खिडकी लावून घ्यायला लागतात. निर्मात्याने नट न घेता खरीच तसली पोरं घेतली होती. कोट त्यांचे, मोटारसायकली त्यांच्या, बंगला त्यांच्यातल्याच एकाच्या बापाचा.

अशी पोरं नीवेसला नवी नव्हती. एकदा कॉफीच्या दुकानाबाहेर त्यांनी तिचं दप्तर हवेत झेलत झेलत एकमेकांकडे फेकलं होतं. ती रडायला लागल्यावर एकाने वाकून, मोठ्या अदबीने ते परत दिलं. आजूबाजूची मोठी माणसं हसली. आई तिचा हात ओढत म्हणाली होती, "गप चल. ह्यांना जाब विचारणारे ह्यांचेच बाप आहेत."

कडं सुरू झालं. वरच्या मजल्यावरचा लांब बोळ. डाव्या हाताला आडव्या पट्ट्यांच्या झडपांचं कपाट, दोन झडपांमधून आत लपलेल्या मुलीचं तोंड दिसतंय. बोळाच्या टोकाला खिडकी, बाहेर पाइनची फांदी हलतेय. खालून त्या चौघांतला एक पोरगा गोड आवाजात हाक मारतो, मिठाई आणलीय, ये ना बाहेर. आणि कपाटातली मुलगी म्हणते...

"मी इथे आहे," नीवेस म्हणाली.

"अर्ध्या श्वासाने उशीर," काचेपलीकडून बोंफांती म्हणाले. "पुन्हा."

"पण ती सांगते कशाला? मी नसतं सांगितलं."

"म्हणून तू सिनेमात नाहीस. पुन्हा."

दुसऱ्या खेपेला तिचं लक्ष ओठांवरून जरा सुटलं. खिडकीशी कोणीतरी पाठमोरं उभं होतं. करड्या कोटातला चौथा पोरगा.

"तो कोण?"

"त्याला वाक्य नाही. ज्याला वाक्य नाही तो आपला कोणी लागत नाही."

वरच्या झरोक्यातून यंत्र चालवणाऱ्या गाल्यानोकाकांचा आवाज आला. "त्या पोरांबरोबर आला होता म्हणे. कोणाचा दोस्त, ते मात्र कोणी सांगेना."

"गाल्यानो, कडं फिरव. गप्पा नकोत."

नीवेस पुन्हा बोलली. उशीरच झाला. कडं फिरून आलं, तेव्हा चौथ्या पोराचा एक खांदा या बाजूला वळलेला होता.

नीवेस भाबडी नव्हती. चिकटवलेल्या फितीत चित्र बदलत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिने बाकीचं तपासलं. फांदी तशीच हलत होती. कपाटाच्या कोपऱ्यातला पोपडा तिथेच होता. पुढच्या खेपेला ती मुद्दामच नुसते ओठ हलवून गप्प राहिली.

तो हलला नाही.

"झोपलीस काय गं?" बोंफांती म्हणाले.

ती बोलली. कडं फिरून आलं. पोरगा आता खिडकीपासून दोन पावलं अलीकडे होता.

"काका, तो सरकतोय. मी बोलले की सरकतो."

गाल्यानोकाका मुळात भले. त्यांनी यंत्र थांबवलं, फीत खाली काचेपलीकडे आणली आणि काचेला टेकवून तिच्या डोळ्यांपुढे बत्तीसमोर धरली. "हे बघ बाळा. ह्या चित्रात पाठमोरा. ह्यात पाठमोरा. शेवटपर्यंत पाठमोरा. डोळे शिणलेत तुझे."

खरंच, प्रत्येक चौकटीत त्याची पाठच होती, खिडकीला चिकटलेली.

ते वर गेले. कडं फिरू लागलं. पोरगा बोळाच्या मध्यावर उभा होता.

"सिन्योर, मला बाहेर जायचंय."

"एवढं वाक्य बसव आणि जा की. आई खाली कॉफी घेत बसलीच आहे ना?"

नीवेसने दाराकडे पाहिलं. दिवा लालच होता. वाक्य बसवल्याशिवाय दार उघडणार नव्हतं. आणि वाक्य बोललं तर तो कपाटापाशी पोचणार होता, तिच्याच आवाजाच्या मागावर. कपाटातल्या मुलीच्या कपाळाला घाम आला होता. तो आधी होता का, ते नीवेसला आठवेना.

ती कुजबुजली, "मी इथे आहे."

"मोठ्याने."

"मी इथे आहे."

तो कपाटाशी आला. आणि थांबला नाही.

कपाटाकडे त्याने पाहिलंदेखील नाही. तो पुढे आला, पडदा करड्या कोटाने भरून गेला. मान किंचित कलती होती. अंधारात कोणी बोललं की आपण कान देतो ना, तशी.

तो आवाज शोधत होता. आणि आवाज कपाटात नव्हता.

नीवेसने दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबले.

कडं फिरलं. झडपांमागून ती मुलगी नीवेसकडे पाहत होती. मग तिचे ओठ हलले. ओठ वाचणं हे नीवेसचं रोजचं काम. कागदावरचं वाक्य ते नव्हतं.

ती तिथे आहे.

झडपांमधून एक बोट बाहेर आलं आणि माइकच्या दिशेने रोखलं गेलं.

"वा," बोंफांतींचा आवाज आला. ते खूश होते. "आता कसं ओठांवर चपखल बसलं. हाच आवाज ठेवू या."

नीवेसचे हात अजून तोंडावरच होते.

लाल दिवा विझला. काचेपलीकडे बोंफांती टोपी घेऊन उठले. वर कडं तेवढं फिरत राहिलं. बोळ, फांदी, खिडकी. खिडकीशी कोणी नव्हतं, बोळात कोणी नव्हतं. कपाटाचं दार उघडं होतं आणि कपाट रिकामं होतं.

तेवढ्यात खोलीच्या दारावर टकटक झाली. हळू, अदबीने. आई कधी टकटक करत नसे. ती जिन्यातूनच हाका मारत यायची.

पुन्हा टकटक झाली.

नीवेसने एक बूट काढला, मग दुसरा. ते पेटीवर शेजारी शेजारी ठेवले आणि नुसत्या मोज्यांनी, आवाज न करता, ती पडद्यावरच्या उघड्या कपाटाकडे चालू लागली.