पाण्यावर घातलेला कंद

"नापास," चाखू म्हणाला. "आठ तास पाण्यात ठेवूनही विषारीच. संध्याकाळी पाचला भट्टीत."

सोमी धावत त्याच्यापुढे आली.

चाखू हा बीजघरातला यंत्रमानव. कशात किती विष आहे, ते तो आपल्या धातूच्या जिभेने चाखून सांगायचा. जे खाण्याजोगं होत नाही ते बीजघरात ठेवायचं नाही, असा तिथला नियम. आणि कडूकंदाचे तर सातच कंद उरले होते. वणव्यात सोमीच्या पाड्यामागचा डोंगर जळाला, तेव्हा तिच्या आईने कोमट राखेत हात घालून ते उकरून काढले होते. हे गेले, की कडूकंद कायमचा गेला.

"आम्ही तर खातो ना! पणजीपासून खातोय. कोण मेलं?"

"तेच कळत नाहीये," रखमामावशी कपाळ चोळत म्हणाली. ती सोमीच्या आईची बहीण आणि इथली शास्त्रज्ञ. "सगळं तुझ्या कागदाबरहुकूम केलं गं."

सोमीने स्वतःच्याच अक्षरातला कागद पुन्हा वाचला. 'काप उकडून आठ तास पाण्यावर घालावेत.'

"कुठल्या पाण्यावर घातलेस रे?"

"या काचपात्रातल्या," चाखू म्हणाला.

"अरे देवा! हे काय पाणी आहे? हे तर डबकं! पाण्यावर घालायचं म्हणजे टोपलीत भरून ओहोळात ठेवायचं. आमच्याकडे पाणी म्हणजे ओहोळच!"

"शब्दकोशात तसं नाही."

"शब्दकोश आलाय कधी आमच्या पाड्यावर?"

मावशी ताडकन उठली. "विसरण! (दाटीतून विरळ जागेकडे आपोआप पसरणं.) सोमी, शाळा सुटली की मुलं वर्गातून रिकाम्या व्हरांड्यात धावतात. पण व्हरांडाच खच्चून भरला तर?"

"जितकी बाहेर येतील, तितकीच आत ढकलली जातील."

"तसंच कापातलं विष पाण्यात उतरतं. साचलेलं पाणी विषाने भरलं, की काम थांबलं. ओहोळात मात्र व्हरांडा सतत रिकामा!"

घड्याळात साडेआठ वाजले होते. उकडायला अर्धा तास, मग पाचपर्यंत बरोबर आठ तास. पण ओहोळ लांब पाड्यावर, इथला नळ कोरडा, टाकीत जेमतेम सोळा बादल्या.

"तेच पाणी पंपाने फिरवतो," चाखू म्हणाला.

"भरलेलं पाणी फिरवून काय उपयोग? दर अर्ध्या तासाला एकच बादली, पण दरवेळी नवी!" सोमी म्हणाली.

मावशीने लगेच त्याच चिरलेल्या कंदाच्या उरलेल्या अर्ध्या भागाचे नवे काप उकडायला लावले.

बादल्या उपसून सोमीचे हात सुरकुतले. चाखूने दुपारी बाराला विषाचा आकडा सांगितला, एकेचाळीस. अडीचला एकोणीस. साडेचारला सहा. आकडा पाचच्या वर असला, की नापास! तिने शेवटची बादली ओतली.

"मावशी, मी थोडंसं चाखून बघू?"

"खबरदार! न तपासलेला कंद तोंडात नाही घालायचा. कितीही ओळखीचा असला तरी."

पाचला एक मिनिट कमी. चाखूने कापाला जीभ लावली. हिरवा दिवा लुकलुकला, विझला.

"चार," चाखू म्हणाला. "पास."

सोमीला हसू येत होतं आणि रडूही. मावशीने सातातले शाबूत सहा कंद बीजघराच्या गार कप्प्यात एकेक करून निजवले.

चाखू मात्र हलेना. मागच्या वर्षी नापास झालेल्या तीनशे वनस्पतींचे कागद त्याने पुढ्यात ओढले आणि पहिलाच उचलला.

"सोमी, इथे लिहिलंय, 'सावलीत वाळवणे.' मला सांग, कुणाच्या सावलीत?"