माझ्यावर खटला भर, ताई!

"ताई, तू माझ्यावर खटला भर!"

बुटांचा बर्फ झटकण्याचंही भान रेनोला राहिलं नव्हतं. हातातली गरम पास्टीची, मांस-बटाट्याच्या भल्यामोठ्या करंजीची, पुरचुंडी त्याने हेल्मीच्या मांडीवर ठेवली आणि तिच्या चाकाच्या खुर्चीपाशी तो गुडघ्यांवर बसला... हेल्मीचं अंतःकरण गलबलून आलं. दोन हिवाळे जिच्या डोळ्यांनी याचीच वाट पाहिली, त्या बहिणीकडे भाऊ आला, तो हे मागायला!

"डोकं फिरलंय का तुझं?" ती कशीबशी म्हणाली.

आई गेली तेव्हा रेनो पाळण्यात होता आणि हेल्मी अठराची. तिने त्याला वाढवलं, मग खाणीत छाती पोखरून घेतलेल्या वडिलांची सेवा केली. या धबडग्यात लग्नाचं राहून गेलं आणि पगाराची नोकरी तर कधी घडलीच नाही. म्हणूनच, रेनोच्या तळ्याकाठच्या सॉनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराची, पायरी पायाखाली मोडून तिचं कंबरेखालचं शरीर लुळं पडलं, तेव्हा जन्मभर राबलेल्या या बाईला कमाईवरचं अपंगत्व-वेतन नाकारलं गेलं! मिळालं ते गरिबांना मिळतं ते अनुदान. त्याची अट एकच, गाठीला जवळजवळ काही असता कामा नये. त्याच्याच जोरावर औषधपाणी होतं आणि सकाळी तिला उठवून बसवणारी बाई येत होती.

लोकांनी विचारलं तेव्हा हेल्मी सगळ्यांना एकच सांगत आली, "पाय ओले होते, घसरले." भावाकडे कुणी बोट दाखवू नये, एवढीच तिची तळमळ! आणि तेव्हापासून रेनो यायचाच थांबला.

"माझा वरचा विमा आहे, ताई," रेनो सांगत होता. "अंब्रेला पॉलिसी. घराचा विमा पुरला नाही की तो कामाला येतो. पण तू माझं नाव घालून दावा केल्याशिवाय कंपनी दमडी सोडायची नाही. आणि दाव्याची मुदत या वसंतात संपते."

"ज्याला कडेवर खेळवला, त्याला आरोपी करू? चर्चमधल्या कॉफीला कुठल्या तोंडाने जाऊ रे? आणि पैसा आला की अनुदान बंद, सकाळची बाई बंद! तुझ्या विम्याचं तर मी अनुदानाच्या कचेरीत अवाक्षर काढलं नाही. म्हटलं, त्याच्यापायीच माझं नाव कापतील."

"अगं, विमा माझा! तो नुसता असल्याने तुला काय भोवणार? भोवतो तो हातात आलेला पैसा. मी वकीलबाईंना विचारलंय. तो तुझ्या हाती द्यायचाच नाही. तुझ्यासारख्यांसाठी वेगळा विश्वस्त निधी असतो, त्यात ठेवायचा. तिथून तुझी खुर्चीसकट चढता येईल अशी उताराची गाडी, रात्रीची बाई... आणि अनुदान आहे तसंच!"

"डार्लीनला हे चालेल?"

"मीच तर गाडी काढली, हेल्मीताई," दारातून रेनोची बायको म्हणाली. तिचेही डोळे भरले होते. "यांना धड झोप नाही. शनिवारी सॉना पेटवत नाहीत. फिनिश माणूस सॉना पेटवेना, म्हणजे अर्धा गेलाच म्हणायचा की!"

हेल्मीला हसू आलं, पण मान नकारार्थीच हलली. "मी घसरले, हे सांगून झालंय."

"खोटं आहे ते!" रेनोचा बांध फुटला. "पायरी कुजलीय, हे तूच मला बजावलं होतंस. मी म्हटलं, हरणांची शिकार आटोपली की बघू... ताई, तू मला एका शब्दाने दोष दिला नाहीस! दोषच दिला नाहीस, तर मी माफी कशाची मागू? कुठल्या तोंडाने तुझ्या दारात येऊ?"

ज्या मौनाला हेल्मी त्याग समजत आली, त्यानेच भावाला दाराबाहेर ठेवलं होतं तर! तिने सावकाश पुरचुंडी सोडली, पास्टीचे दोन तुकडे केले आणि मोठा त्याच्या हातावर ठेवला.

"बोलव तुझ्या वकीलबाईला," ती म्हणाली.

बर्फ वितळू लागला तेव्हा जबानी झाली. कंपनीच्या वकिलाने विचारलं, "पायरी का मोडली?" टेबलापलीकडे रेनो मान खाली घालून बसला होता. 'घसरले' हा नेहमीचा शब्द हेल्मीच्या ओठांवर आला होता. पण ती म्हणाली, "कुजली होती. माझ्या भावाला ठाऊक होतं. त्याने ती दुरुस्त केली नाही."

रेनो ओक्साबोक्शी रडू लागला. वकील भांबावले. तसा देखावा त्यांच्या कचेरीत कुणी पाहिला नव्हता.

पुढे कंपनीने तडजोड केली, न्यायाधीशांनी निधी मंजूर केला, सकाळची बाई येत राहिली. सॉनाला आता पायऱ्याच उरल्या नाहीत. रेनोने स्वतःच्या हाताने लाकडी उतार बांधला.

पहिल्या शनिवारी रेनो आणि डार्लीनने तिला अलगद आत नेऊन बाकावर बसवलं. तापल्या दगडांवर पाणी पडलं, वाफ दाटली. सॉनात अंगावर मारून घ्यायची बर्चच्या ओल्या डहाळ्यांची जुडी उचलून हेल्मीने समोर पाठ करून बसलेल्या भावाच्या पाठीत सणसणीत हाणली.

"हा पायरीचा!"

"आई गं!"

"आणि हा, इतके दिवस न आल्याचा!"

"मार अजून, ताई."

तिने तिसऱ्यांदा हात उगारला. पण डहाळ्या गळून पडल्या आणि तो हात त्याच्या डोक्यावरच टेकला.