पडद्याखालची ओळ

प्रेमराज पाटलाने टीव्ही घेतला, तेव्हा दुकानदार म्हणाला होता, आमचा माणूस येऊन भिंतीवर बसवून देईल. प्रेमराजने त्या माणसाला घरात येऊ दिलं नाही. जळगावच्या एका कारखान्यात तो इलेक्ट्रिशियन होता, चार स्क्रू पिळणं त्याला जड नव्हतं. पिंप्राळ्यातल्या दोन खोल्यांच्या घरात त्रेचाळीस इंची पडदा लागला आणि मग गडी रिमोट घेऊन बसला तो चांगला दोन तास. त्याच्या बायकोने, दिपमालाने, तेवढ्यात दोनदा चहा गरम केला.

तिला सिनेमा बघायचा होता. त्याने तिला समजावून सांगितलं, की हा टीव्ही नुसता दाखवत नाही, तो बघतोसुद्धा. आपण काय लावतो, कुठे थांबतो, काय पुढे ढकलतो, ते सगळं टिपून कंपनीला पाठवतो, आणि कंपनी ते जाहिरातवाल्यांना विकते. म्हणून त्याने पडद्यावरचं ओळखायची सोय बंद केली, आवडीप्रमाणे जाहिराती बंद केल्या, रिमोटमधला माईक बंद केला. जिथे जिथे परवानगी मागितली, तिथे तिथे नकार दिला.

यात कुणी नावं ठेवावीत असं काही नव्हतं. शहाण्या माणसाने हे करावंच. पण प्रेमराजचं कारण निराळं होतं. लग्नाला दोन वर्षं झाली तरी दिपमाला दूधवाल्याशी दोन शब्द हसून बोलली, की दुसऱ्या दिवशी हा स्वतःच पातेलं घेऊन दारात उभा राहायचा. तिला कोणतं गाणं आवडतं, कोणता रंग आवडतो, हे आपल्याखेरीज कुणाला ठाऊक असावं, मग ते यंत्र का असेना, हे त्याला खपत नव्हतं. मत्सरी होता, दुसरा शब्द नाही.

एकच गोष्ट मात्र हटेना. पडद्याच्या तळाशी ‘तुमच्यासाठी’ अशी जाहिरातींची एक ओळ होती. पण तिच्यात आज ट्रॅक्टरचे टायर, तर उद्या लहान मुलांची टोपी. त्या ओळीला काही म्हणता काही कळत नाही, हे बघून प्रेमराज खूश व्हायचा.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दिपमाला आठ दिवसांसाठी माहेरी गेली. माहेर नरडाण्याजवळच्या खेड्यात. प्रेमराजने तिला गाडीत बसवून दिलं आणि तिच्यासमोरच्या बाकावर कोण कोण बसलंय, ते नीट बघून मगच तो स्टेशनबाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी करून तो साडेतीनला घरी आला. बाहेर चव्वेचाळीस अंश होतं. कूलर लावून त्याने टीव्ही सुरू केला. ओळीत झोक्याचा दोर होता, वीस फुटी, पिवळा. आखाजीच्या दिवसांत झोक्याचा दोर विकायला निघणारच, असं म्हणून त्याने तो सोडून दिला. संध्याकाळी दिपमालाचा फोन आला. बोलता बोलता तिने सांगितलं, की निंबाच्या झाडाचा झोका तुटला, मग तिचा भाऊ झुलाल शिंदखेड्याहून नवा दोर घेऊन आला.

पिवळा का, असं प्रेमराजने विचारलं. पिवळाच होता.

तिसऱ्या दिवशी ओळीत सोललेल्या हाताला लावायचं मलम आलं. त्याने स्वतःहून फोन केला आणि हाताचं विचारलं. ती चकित झाली. दोराने तळवा सोलला होता खरा, पण हे तिने घरात आईलाही सांगितलं नव्हतं.

प्रेमराजने सगळ्या सेटिंग तपासल्या. जे बंद केलं होतं ते बंदच होतं. त्याने राउटरची वायर उपटली आणि टीव्हीचं वायफायही काढून टाकलं. आता बाहेरून आत यायला वाटच नव्हती, हे तो विजेचा माणूस असल्यामुळे पक्कं सांगू शकत होता. चौथ्या दिवशी ओळीत हिरव्या बांगड्या होत्या. माप दोन-चार. दिपमालाचंच.

दुसरा कुणी घाबरला असता. प्रेमराज जळफळला. आपल्याला जे कळत नाही ते ह्या काळ्या पाटीला कळतं. बायको आपली, आणि तिच्या मनातलं कळणार ह्याला. त्या दिवशी तो जेवला नाही.

पाचव्या दिवशी ओळीत पुरुषाचा शर्ट आला. पांढरा, बेचाळीस मापाचा.

प्रेमराजचं माप अडतीस. झुलालचंही अडतीस. सासरा तर त्याहून किरकोळ. त्याने लगेच फोन लावला आणि आडपडदा न ठेवता विचारलं, की शर्ट कुणासाठी घेतला.



“कोना शर्ट?” दिपमाला म्हणाली. मग हसली. “तुम्ही काबर इचारी राहिनात?”

ते हसू त्याच्या कानात राहिलं. त्याने फोन ठेवला आणि टीव्हीपुढे बसला. राउटरची वायर परत लावली. मग इतके दिवस जे जे बंद ठेवलं होतं ते एकेक करून सुरू केलं. ओळखायची सोय, आवडीच्या जाहिराती, माईक. प्रत्येक वेळी पडद्यावर परवानगीचा लांबलचक मजकूर यायचा, आणि तो न वाचता ‘मान्य’ दाबायचा. काय हवं ते घे, पण मला सांग, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

ओळ दुसऱ्या दिवशी भरून आली. फिनेलचे दोन मोठे कॅन. जाड प्लास्टिकचा कागद, मीटरवर. कपड्यावरचे हट्टी डाग घालवायची पावडर. प्रेमराजने त्याचा अर्थ लावला. ती कुणाचं तरी घर धुऊनपुसून लावून देते आहे. बेचाळीस मापाच्या माणसाचं.

सातव्या दिवशी फोटोची फ्रेम आली आणि तिच्याबरोबर चंदनाचा हार.

तो किती तरी वेळ त्या हाराकडे बघत राहिला. भिंतीवरच्या गेलेल्या माणसाच्या फोटोला घालतात, तो हार. म्हणजे आपल्या मरणापर्यंत तिची तयारी झाली. त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ओळीच्या वर ठळक अक्षरांत ‘तुमच्यासाठी’ लिहिलेलं होतं, पण ते त्याने वाचलं नाही.

संध्याकाळी दिपमालाने कळवलं, उद्या दुपारच्या गाडीने येते, झुलाल पोचवायला येतो म्हणतोय.

“एकलीच येजो,” प्रेमराज म्हणाला. “कोनले संगे आनू नको.”

ती आली तेव्हा अडीच वाजले होते. तिच्यामागे दार प्रेमराजनेच लावलं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. घामाने डबडबलेली, तळव्याला चिंधी, हातात हिरव्या बांगड्या. तिने पिशवी खाली ठेवली आणि पाणी प्यायच्या आधी तिच्यातून पांढरा शर्ट काढला.

झुलालची सोयरीक जमली होती. त्या आनंदात आबांनी, तिच्या वडिलांनी, जावयाला शर्ट घेतला होता. अंदाजाने आणला आणि माप मोठं झालं. तुम्ही त्या दिवशी नेमकं तेच विचारलं, म्हणून मला हसू आलं, असं ती म्हणाली.

प्रेमराजने शर्ट हातात घेतला. कॉलरवर बेचाळीसची पट्टी होती.  त्याला रडू यायला झालं, आणि ते दिसू नये म्हणून तो पाणी आणायला आत गेला. किती नीच विचार केला आपण, असं त्याने मनाशी दहादा म्हटलं. सगळं संपलं होतं. तांब्या भरताना त्याचा हात अगदी स्थिर होता.

बाहेर दिपमालाने टीव्ही लावला.

तो तांब्या घेऊन आतल्या खोलीच्या दारात आला. ओळीत आता बांगड्या नव्हत्या. मलम नव्हतं. तिच्या मापाचं, तिच्या आवडीचं काहीच नव्हतं. एका माणसाचा डबा होता. एक उशी. एक खुर्ची.

दिपमाला पदराने वारा घेत ती ओळ बघत होती.

“दीड लिटरना कुकर,” ती हसत म्हणाली. “एवढासा कुकरमा आपला दोन्हीसनं कसं व्हई हो?”

 प्रेमराजने तिच्या डोक्यावरून बाहेरच्या दाराकडे पाहिलं. खालची कडी लावलेली होती. जी ते दोघं कधीच वापरत नसत, ती वरचीही लावलेली होती.

ती आत आल्यापासून दाराजवळ तोच एकटा गेला होता.