जेवायला ऊठ

शालनमावशींची मिरजेतली खानावळ बंद पडली ती त्यांच्या आमटीमुळे नव्हे. कॉलेजंच उठून पडद्यावर गेली आणि वसतिगृहं ओस पडली. आता त्यांच्या हातचं जेवायला एकच विद्यार्थिनी उरली होती, पोटची मुलगी ऋजुता, आणि तीच ताटाला शिवत नव्हती.

ऋजुता 'लक्षसखा' नावाच्या पडद्यावरच्या शिकवणीवर रसायनशास्त्र शिकत होती. पूर्वीची मुलं व्याख्यान लावून देऊन खुशाल झोपा काढायची. इथे ती सोय नव्हती. पडद्यावरचा कॅमेरा डोळ्यांच्या बाहुल्या आणि श्वास वाचायचा, आणि लक्ष ढळण्याच्या जरासं आधीच शिकवणाऱ्याचं पुढचं वाक्य बदलायचा. कधी गोष्ट, कधी कोपरखळी, कधी नुसतीच शांतता. या तंत्राला 'लक्षबांधणी' म्हणत. मुलं मधेच अभ्यासक्रम सोडेनाशी झाली म्हणून विद्यापीठं खूश होती. पोरगी अभ्यासाला चिकटली म्हणून मावशीही आळीभर कौतुक सांगत फिरल्या होत्या.

पण ऋजुताच्या गळ्याची हाडं वर आली आणि हाका मारून मारून मावशींचा घसा बसला, तेव्हा मात्र त्या घाबरल्या. लक्षबांधणी घडवणाऱ्यांतली एक शास्त्रज्ञ, डॉक्टर वैजयंती हुपरीकर, शिकत असताना त्यांच्याकडेच जेवायची. मावशींनी तिला बोलावून घेतलं.

"ती ऐकतच नाही गं. बहिरी झाली का?"

"कान ठणठणीत आहेत, मावशी." वैजयंतीने नजर टाळली. "आपण बोलतो अडखळत, पाल्हाळ लावून. तिला तीन वर्षं मापात बेतलेलं बोलणंच मिळालंय. बाकीचं तिच्या मेंदूला पंख्याच्या आवाजासारखं. चालू आहे हेही कळत नाही."

"मग बंद कर की ते तुमचं."

"एकदम बंद केलं तर भलतंच होतं. दोन मुलं भिंतीकडे बघत बसून राहिली. अजून बसलीत."

मावशींनी पदर तोंडाशी नेला.

"एक करता येईल," वैजयंती म्हणाली. "तुमचा चेहरा आणि आवाज लक्षसख्यात घालू. तुम्ही इथून बोला, तो तिच्या मापाने बेतून पोचवेल."

"बोलणं माझंच ना?"

"तुमचंच."

बुडत्याला काडीचा आधार. मावशी स्वयंपाकघरात माईकपुढे बसल्या. "ऋजू, ऊठ बाळा. जेवायला चल."

भिंतीपलीकडून त्यांचाच आवाज आला, त्यांना आयुष्यात कधी जमला नव्हता इतका गोड. "सावकाश होऊ दे गं, ऋजू. ताट झाकून ठेवलंय."

"हो आई," ऋजुता म्हणाली.

कित्येक महिन्यांनी पोरीने ओ दिली होती. मावशींचे डोळे भरून आले, आणि मग आपण असं बोललोच नव्हतो हे त्यांच्या ध्यानात आलं.

वैजयंतीचा चेहरा उतरला होता. "तिने उठावं असं काहीही तो पोचवणार नाही, मावशी. ती उठली की लक्ष तुटतं, आणि लक्ष जपायचं एवढंच आम्ही त्याला शिकवलंय. मला हे आधी सुचायला हवं होतं."

मावशींनी तरी हट्ट सोडला नाही. छातीत कळ येतेय म्हणाल्या. पलीकडून आलं, "मी मजेत आहे." घर पेटलंय म्हणाल्या. पलीकडून आलं, "गॅस मंद ठेवलाय, तू वाच."

तेव्हा त्या उठल्या, खोलीत शिरल्या आणि ऋजुताचं मनगट धरून सगळ्या ताकदीने ओढू लागल्या. हाताला नुसतं हाड लागत होतं.

ऋजुताने मान वळवली नाही. पडद्यावरच्या शालनमावशींकडे बघत ती लहानपणच्या बारीक आवाजात म्हणाली, "आई, मला कुणीतरी ओढतंय. भीती वाटतेय मला."

"मी आहे ना इथे," पडद्यावरची आई म्हणाली. "तू माझ्याकडे बघ."

आणि ऋजुताने आपला हात सोडवून घेतला.