मधल्या सीटचा दिवा

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. गाडीचं आणि शोरूमचं नाव तेवढं सांगणार नाही, कारण नोकरी अजून तिथंच आहे. बाकी सगळं घडलं तसं सांगते. हसायचं असेल तर खुशाल हसा.

रात्रबित्र नव्हती. गेल्या वर्षीचा मे महिना, चौदा तारीख, दुपारचे बारा वाजून गेलेले. लिंबागणेशहून पाटोद्याकडे जाणारा रस्ता. ऊन असं की डांबर चिकटत होतं.

मी योगिता. बीडला एका शोरूममध्ये गाड्या विकते. त्या महिन्यात आमच्याकडं एक मोठी इलेक्ट्रिक गाडी डेमोला आली होती. दोन मोटारी, चारही चाकांना ताकद, वजन अडीच टन. शून्यापासून शंभरचा वेग साडेपाच सेकंदांत. पायडलवरचा पाय नुसता उचलला की गाडी आपोआप सावकाश होते. छत पूर्ण काचेचं. सीटा पांढऱ्याशुभ्र.

आणि माझं ठरलेलं वाक्य होतं, "काचा डबल आहेत सर. बाहेरचा एकही आवाज आत येत नाही."

हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा म्हणायचे. आता म्हणताना जीभ अडखळते.

गिऱ्हाईक होतं लिंबागणेशजवळचं. बद्रीनाथ अण्णा, जमीनदार माणूस, दोनदा सरपंच झालेले. त्यांना गाडी पाटोद्याच्या बहिणीला दाखवायची होती. सोबत त्यांची आई, केशरबाई. वय ऐंशीच्या घरात. त्या मागं बसल्या, अण्णा चालवायला, मी त्यांच्या शेजारी. आजींनी सीटला हात लावला आणि एवढ्या पांढऱ्यावर बसायचं कसं म्हणून विचारलं. मला हसू आलं. शोरूममधून निघताना मॅनेजरनं मला तीनदा बजावलं होतं, सीटला डाग पडला तर तुझ्या नावावर.

गाडी निघाली. अण्णा खूश होते. चढावर पाय दाबला की पाठ सीटला चिकटायची आणि ते लहान पोरासारखे हसायचे.

मग तो दिसला.

रस्त्याच्या कडेला, उन्हात. लाल पटका, खांद्यावर घोंगडी. एका हातात नुकतंच जन्मलेलं कोकरू, अजून ओलं. दुसरा हात त्यानं वर केला होता.

आमच्या भागात एक रीत आहे. मेंढरं चालत असताना एखादी मेंढी वाटेतच व्याली, तर कळप पुढं जातो आणि एक माणूस मागं थांबतो. कोकराला चालवत नाही. मग तो येणाऱ्या गाडीला हात करतो, आपण कोकरू घ्यायचं आणि पुढच्या तळावर सोडायचं. टेम्पोवाले घेतात, जीपवाले घेतात, मोटारसायकलवाले मांडीवर घेतात. कोकराला कोणी नाही म्हणत नाही.

अण्णांनी सवयीनं पाय उचलला. गाडी सावकाश झाली.

मी म्हणाले, "नको अण्णा. सीटा पांढऱ्या आहेत."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. डेमोची गाडी, परक्याची. त्यांनी पुन्हा पायडल दाबलं.

मागून आजी म्हणाल्या, "कोकराला न्हाई म्हणू ने, बद्री."

तोवर गाडी त्याच्या शेजारून पुढं निघाली होती. काच बंद होती. तो काहीतरी बोलत होता, ओठ हलताना दिसले. आवाज आला नाही.

एखादा किलोमीटर गेलो असू...

टिंग.

समोरच्या पडद्यावर लाल दिवा लागला. सीटबेल्टचा. मागची, मधली सीट. त्या सीटवर कोणी बसलं आणि बेल्ट लावला नाही, तरच तो लागतो.

मी वळून पाहिलं. आजी डाव्या खिडकीशी. मधली सीट रिकामी. सामान नाही, पिशवी नाही.

टिंग... टिंग...

सेन्सर बिघडला असेल, असं मी म्हणाले. तेवढ्यात गाडीनं स्वतःच ब्रेक मारला.

समोर रस्ता मोकळा. लांबपर्यंत कुत्रं नाही. पण पडद्यावर गाडीच्या पुढं लाल रेषा उमटली, म्हणजे काहीतरी अगदी चिकटून उभं आहे. मग डाव्या बाजूला. मग उजव्या. मग मागं.

चारी बाजूंनी लाल.

कॅमेऱ्यात मात्र नुसतं डांबर आणि ऊन.

अण्णांनी पायडल दाबलं. गाडी हलली नाही. मग पडद्यावरचं बाकी सगळं गेलं आणि एसी बंद पडला. दोनच गोष्टी उरल्या, त्या लाल रेषा आणि मधल्या सीटचा दिवा.

एसी बंद झाल्यावर कळलं की आत किती शांत असतं. तिघांचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

मी दाराचं बटण दाबलं. काही नाही. काचा खाली होईनात. मोबाईलला टॉवर नाही, त्या पट्ट्यात नसतोच. मी अण्णांना धीर दिला, करंट गेला तरी दार हातानं उघडतं, आतून पट्टी ओढायची असते. ती मी ओढली. खट् करून कुलूप सुटलं. दार बोटभर उघडलं...

आणि कशालातरी टेकलं.

दगडाला टेकावं तसं नाही. मऊ. मी खांदा लावून ढकललं, तर बाहेरून तेवढ्याच जोरानं परत रेललं. दार बंद झालं.

त्या बोटभर फटीतून वास आत आला. ओल्या लोकरीचा.

उन्हाच्या वेळी मेंढरं सावली शोधतात. झाड नसेल तर एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहतात, नाहीतर उभ्या गाडीला चिकटतात. लहानपणापासून पाहिलेलं आहे. बाहेर एकही मेंढरू नव्हतं.

अण्णा घाबरले. एवढा धिप्पाड माणूस, कडं घातलेल्या हातानं काचेवर मारत सुटला. काच डबल. मीच सांगितलं होतं, फुटता फुटत नाही म्हणून. छतातून ऊन सरळ डोक्यात उतरत होतं. पाच मिनिटांत माझा ड्रेस अंगाला चिकटला. दहा मिनिटांत अण्णांच्या हातात जोर राहिला नाही.

आजींचं डोकं मागं कलंडलं होतं. ओठ कोरडे, चेहरा राखेसारखा. मी त्यांना हाक मारली. त्या ओ देईनात. मला रडू फुटलं. एका म्हातारीचा जीव माझ्या डेमोत जाणार, आणि तेही कशासाठी, तर सीटला डाग नको म्हणून.

"अगं माय," अण्णा म्हणाले, "बोल की गं कायतरी."

आजींनी डोळे उघडले. पण आमच्याकडं पाहिलं नाही. त्या स्वतःच्या मांडीशेजारी पाहत होत्या. दोन्ही हात त्यांनी असे धरले होते, की मध्ये काहीतरी आहे.

"वल्लं हाय," त्या म्हणाल्या. "लई थरथरतंय."

मधल्या सीटचा दिवा विझला नव्हता. पांढऱ्या सीटवर, आजींच्या बाजूला, एक खळगा पडला होता. छोटासा. आजींचा पदर त्या खळग्यावर होता आणि तो वरखाली होत होता...

श्वास घेतल्यासारखा.

मग आजींनी माझ्याकडं पाहिलं. "पोरी, न्हाई तू म्हणलीस. आता तूच म्हण, घेते म्हणून."

घसा वाळला होता. कशीबशी म्हणाले, "घेते. कोकरू घेते मी. पुढं सोडते."

काही झालं नाही.

मी दुसऱ्यांदा म्हणाले, हात जोडून.

पुढची लाल रेषा पिवळी झाली. मग गेली. मग बाजूच्या दोन, मग मागची. कळपाला वाट द्यायला सांगितल्यावर मेंढरं अशीच पांगतात, पुढची आधी. पडदा उजळला. एसीचा गार झोत तोंडावर आला.

दिवा मात्र लागलेलाच होता.

अण्णांनी गाडी तीसच्या वर नेली नाही. तीनेक किलोमीटरवर एका पडीक रानात, चिंचेखाली मेंढपाळांचा तळ होता. खरी मेंढरं, खरी माणसं. त्यांना पाहून मला हायसं वाटलं. दार आता एका बोटानं उघडलं. आजींना धरून उतरवलं, तरी त्यांनी हात सोडले नाहीत. रिकामे हात छातीशी धरून त्या चालत होत्या.

समोरून एक बाई आली. नंतर नाव कळलं, चतुराबाई. तिनं आजींच्या हातांकडं पाहिलं. तिला नवल वाटलं नाही.

"आणलं का, माय?" असं म्हणून तिनं पदर पसरला. आजींनी हात रिकामे केले.

माझ्यामागं, गाडीत, टिंगटिंग थांबलं.

चतुराबाईनं पदर पोटाशी आवळला. मग ती गाडीपाशी आली, वाकून आत पाहिलं. सगळ्या सीटा पाहिल्या.

"अन् ह्यांना?" ती म्हणाली. "ह्यांना न्हाई बसवलं व्हय?"



तिचा दीर म्हाळू, त्यानं अण्णांना बाजूला घेऊन सांगितलं. तीन वर्षांपूर्वी, याच दिवसांत, तिचा नवरा सटवा कोकरू घेऊन मागं थांबला होता. दुपारभर गाड्यांना हात करत होता. त्या दिवशी एकही थांबली नाही, सगळ्यांच्या काचा बंद. संध्याकाळी शोधायला गेले तेव्हा तो रस्त्याच्या कडेला घोंगडी पांघरून पडला होता, कोकरू छातीशी. दोघंही गार. तेव्हापासून दरसाल कोणीतरी रिकाम्या हातानं कोकरू आणून देतं. त्याला मात्र कोणी आणत नाही.

आजींना आम्ही पाटोद्याला एका दवाखान्यात नेलं. दोन सलाईन लावली, जीव वाचला. अण्णा तिथंच थांबले. मला गाडी घेऊन बीडला परतायचं होतं. त्याच रस्त्यानं, एकटीला.

निघताना आजींनी माझा हात धरला. "वाटंत थांब. मागचं दार उघड. त्याला बसव."

मी हो म्हणाले.

पाच वाजले होते. तळ मागं पडला. ती जागा जवळ आली. रस्त्यावर कोणी नव्हतं. पण पडद्यावर, डाव्या बाजूला, एक पिवळी रेषा उमटली...

एकच.

ती गाडी साडेपाच सेकंदांत शंभर गाठते. त्या दिवशी मी ते पहिल्यांदा करून पाहिलं.

आरशात पाहिलं नाही. मागून कोणी हाक मारली असेल तरी मला ऐकू आली नसती. काचा तशाच बनवल्यात.

दुसऱ्या दिवशी मी गाडीच्या कॅमेऱ्यातलं रेकॉर्डिंग पाहिलं. रस्ता रिकामा आहे. गाडी सावकाश होते. माझा आवाज येतो, नको अण्णा, सीटा पांढऱ्या आहेत. गाडी पुढं जाते. कडेला कोणीही नाही. मधल्या सीटवर एक ओलसर पिवळट डाग होता, तो मी स्वतः पुसला. पूर्ण गेला नाही.

अण्णांनी गाडी घेतली नाही. आठवड्यानं त्यांचा फोन आला. माय रोज विचारते, ती पोरगी थांबली का? मी म्हणाले, हो, थांबले होते. तेव्हापासून आजींना झोप लागते म्हणे.

आता पुन्हा मे आलाय. पाटोद्याच्या एका गिऱ्हाइकाला परवा तीच गाडी दाखवायची आहे. मी स्वतःहून नाव दिलं. मोंढ्यातून एक घोंगडी विकत आणलीय, मागच्या सीटवर अंथरायला.

थांबेन, असं वाटतं.

पण आजींनाही मी तसंच सांगितलं होतं.