उंबऱ्याबाहेरचं पान

लाइट येईपर्यंत सांगतो. मध्ये कोणी हसायचं नाही. मला माहितीय, माझ्या तोंडून काय पण ऐकलं की तुम्ही आधी हसता. नळ आला अशी थाप मारून अख्ख्या चाळीला पहाटे चारला हंडे घेऊन उठवलेलं, ते मीच. पण हे मी बनवलेलं नाही. बनवलं असतं तर त्यात मी जरा जास्त शूर दिसलो असतो.

गेल्या वर्षीची गोष्ट, शहाऐंशीची. आमच्याकडे म्हाळ होता. म्हणजे पितृपक्षात घरातल्या गेलेल्या माणसांना जेवायला घालतात, तो. सकाळी बाबांनी मला मारीआंटीच्या वाडीतून केळीची पानं आणायला पाठवलं. मारीआंटी म्हणजे आपल्या चाळीमागे मरोळ गावठाणात राहते ती, अंगणात क्रूस आहे ती.

"सात पानं आण," बाबा म्हणाले. "मोजून सात."

"आठ लागतात ना?"

"सात सांगितली ना? मास्तर झालास काय?"

मी नववीत एकदा नापास झालेलो आणि दुसऱ्यांदा व्हायच्या तयारीत होतो, त्यामुळे मास्तर होणं कठीणच होतं. गेलो आणि आठ पानं कापून आणली. हाताला सवय.

आठवं पान कुठलं ते सांगतो. एक पान पत्र्यावर, कावळ्याला. बाकीची घरात, माणसांना. आणि एक दरवर्षी उंबऱ्याच्या बाहेर, पायरीवर. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर, सगळं वाढलेलं. मला वाटायचं ते कुत्र्याला असतं. लहानपणापासून त्यातला वडा मीच लंपास करायचो. कुत्र्याचं नाव व्हायचं, पोट माझं भरायचं. झकास चाललेलं.

ते पान बाबांनी त्या वर्षी बंद केलं.

बाबा आधी मिलमध्ये होते. संपानंतर मिल गेली, मग एमआयडीसीत वॉचमन झाले. नंतर ते धर्म वाचवायला काढलेल्या एका मंडळात जायला लागले, बोलणं बदललं, चालणं बदललं. आपले कोण आणि बाहेरचे कोण, यावर ते आता जेवताना पण बोलायचे. त्या दिवशी मंडळाचा अध्यक्ष नंदकिशोर आमच्याकडे जेवायला येणार होता आणि बाबांना सेक्रेटरी करायचं चाललेलं.

आई हळूच म्हणाली, "अहो, आबांना विचारा तरी."

"आबांना काय विचारू? त्यांना बोलता येतं काय?"

ते खरं होतं. आबा, माझे आजोबा. जूनमध्ये त्यांना लकवा मारलेला. खाटेवर पडून असायचे, डोळे तेवढे चालायचे. त्यात साखरेचा आजार. डॉक्टरने बजावलेलं, यांना उपाशी ठेवू नका, सुई दिली की खाणं वेळेवर पोटात गेलंच पाहिजे. त्या दिवशी सुई सकाळीच देऊन झालेली. म्हाळ काय, बारा वाजता आटपतो, असं सगळ्यांना वाटलेलं.

बारा वाजता गाऱ्हाणं घातलं. तुम्ही ऐकलंय, मी तुम्हाला करून पण दाखवलंय. एक जण देवाला हाक मारतो, "बा देवा म्हाराजा," आणि प्रत्येक ओळीला बाकीचे म्हणतात, "होय म्हाराजा." दरवर्षी आबा घालायचे. त्यांची नक्कल करून करून मला ते अख्खं पाठ. शाळेतली एक कविता पाठ नाही, पण हे आहे.

त्या वर्षी बाबांनी घातलं. घाटावर मेलेले, पाण्यात मेलेले, लेकरू न होता मेलेले, सगळे घेतले. प्रत्येकाला आम्ही होय म्हाराजा. त्यानंतर आबांची एक ओळ असायची. "जे मागे रवले, ज्येंचा नाव बदलला, त्येंका पण पान पोचव रे म्हाराजा."

बाबांनी ती गाळली. तिथे ते नुसते थांबले, श्वास घेतला.

आणि त्या थांबण्यात कोणीतरी म्हणालं, "होय म्हाराजा."

जड आवाज. दारातून आला. दारात कोणी नव्हतं, भरदुपारचं ऊन पायरीवर पडलेलं, आणि गल्लीत चिटपाखरू नाही.

आईने फाडकन माझ्या पाठीत मारली. "म्हाळाच्या दिवशी पण नाटकं?"

"मी नाही गं."

"तूच," बाबा म्हणाले. नंदकिशोर हसला. त्याला पण माझी ख्याती माहिती होती.

काय सांगणार? आयुष्यभर दुसऱ्यांना घाबरवलं, आता खरंच घाबरलो तर मानणार कोण?

पत्र्यावर पान ठेवलं आणि मला कामाला लावलं. कावळे बोलवणं हे माझं खातं. वर्षभर मी त्यांना सुकटीची डोकी टाकतो, म्हणून चाळीतल्या सगळ्या म्हाळांना मलाच बोलावतात. मी पत्र्याखाली उभा राहून हाक दिली. आले. नेहमीचे, वर अजून दहा-बारा. समोरच्या पत्र्यावर ओळीने बसले.

पण ओरडले नाहीत. कावळे आणि गप्प, कधी बघितलंय? आणि पानाकडे कोणाचंच लक्ष नाही. सगळ्यांच्या माना खाली वळलेल्या, एकाच बाजूला. मी त्यांची नजर धरून बघितलं. ते आमच्या उंबऱ्याकडे बघत होते. रिकाम्या पायरीकडे.

एक वाजला. दोन वाजले. कावळा शिवल्याशिवाय घरात कोणी जेवत नाही, ही आमची रीत. नंदकिशोर घड्याळ बघत म्हणाला, "धाकू, वडे चामड होतील रे." बाबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

तीन वाजता आत्या ओरडली. रत्नप्रभा आत्या, बाबांची मोठी बहीण, आबांचं तीच करते. आबांना घाम फुटलेला, मान एका बाजूला गळत होती. आत्याने साखरेचं पाणी आणलं. आबांनी दात आवळून धरले. चमचा दातावर वाजला, पाणी हनुवटीवरून गेलं. बाबांनी जबडा धरला, तरी नाही. म्हातारा जिद्दीला पेटलेला. कावळा शिवेपर्यंत घास नाही.

"डॉक्टर आण," बाबा म्हणाले. मी पळालो. दवाखाना पाचपर्यंत बंद. परत आलो तर आबांचे डोळे अर्धे मिटलेले. मला बघून त्यांनी ते उघडले आणि दाराकडे नेले. माझ्याकडे, दाराकडे. माझ्याकडे, दाराकडे.

मी आत्याला मोरीपाशी ओढलं. "ते पान कोणाचं असायचं? खरं सांग."

आत्याने बाबा कुठे आहेत ते बघितलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "आपल्या मूळपुरुषाच्या भावाचं."

"मग बाहेर का?"

"फिरंग्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या वेळची गोष्ट, जयू. आपण तेव्हा खाडीपलीकडे, त्यांच्या मुलखात. देवळं पाडत होते. दोघे भाऊ. एकाने रात्री टोपलीत देव घेतला, बायकापोरं घेतली आणि होडीत बसला. शिपाई दारात आले तर घर रिकामं दिसायला नको, म्हणून दुसरा मागे राहिला. दार लावून आत बसला. सकाळी त्याला घेऊन गेले, पाद्रीकडे. नाव बदललं. तोवर होडी अलीकडे पोचलेली."

"मग?"

"मग काय. आपण त्याला बाटला म्हणालो." आत्याने पदराने तोंड पुसलं. "तोच म्हणे सांगून गेला, मी आता उंबरा ओलांडणार नाही, माझं पान बाहेर ठेवा. तो मागे राहिला म्हणून आपल्याकडे देव आहे. नाहीतर मारीआंटी आणि आपण एकाच चर्चला गेलो असतो."

मी त्या माणसाचे किती वडे खाल्ले, ते मोजायला लागलो. मग सोडून दिलं.

आठवं पान सकाळी खाटेखाली सारलेलं होतं. काढलं, पुसलं, आईसमोर धरलं. "वाढ."

आईने बाबांकडे बघितलं, मग आबांकडे बघितलं. आणि वाढलं. खीर सुद्धा वाढली.

मी पायरीवर पान मांडून आतल्या बाजूला उंबऱ्याशी बसलो. बाबा मागे येऊन उभे राहिले. त्यांच्यामागे नंदकिशोर.

"उचल ते."

"नाही उचलणार."

"जयवंत, चार माणसांत शोभा करू नको. ख्रिस्तावाचं पान आहे ते."

"आपल्या माणसाचं आहे."

त्यांनी हात उगारला. मी म्हटलं, "मारा. पण पान इथेच राहणार. आबा मेले तर मंडळ देणार आहे का दुसरे?"

मला वाटलं आता बसली. नाही बसली. मी गाऱ्हाणं सुरू केलं. आयुष्यात पहिल्यांदा नक्कल न करता. घाटावर मेलेले. आई आणि आत्या म्हणाल्या, होय म्हाराजा. पाण्यात मेलेले... होय म्हाराजा. मग ती ओळ आली. ती पण म्हटली. "जे मागे रवले, ज्येंचा नाव बदलला... त्येंका पण पान पोचव रे म्हाराजा."

आणि मी दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. म्हणजे कोणी म्हणायला नको, हाच बोलला.

आई गप्प. आत्या गप्प. वारा पडलेला. कुठूनतरी ओल्या गाळाचा वास आला, खाडीला ओहोटी लागल्यावर येतो तसा. मरोळला कुठली आलीय खाडी?

"होय... म्हाराजा."

पानाच्या पलीकडून. माझ्या तोंडासमोर, हातभर अंतरावर. बोलणाऱ्याचा श्वास माझ्या हातांना लागला.

बाबांचा हात वरच राहिला. त्यांनी माझ्या तोंडावरचे माझे हात बघितले होते. नंदकिशोर चपला न घालताच निघाला, पानाला मोठा वळसा घालून.

वर पत्रा वाजला. धप. मग एकामागून एक, सगळे कावळे उतरले, आणि जो काय गलका झाला, विचारू नका. बाबा भिंतीला टेकून खाली बसले. आत्या चमचा घेऊन धावली. आबांनी तोंड उघडलं. प्यायले. अर्धा पेला प्यायले. डोळ्यांत जान आली.

मी खाटेजवळ गेलो. जूनपासून ज्या माणसाने एक अक्षर काढलं नव्हतं, तो माझ्याकडे बघत अगदी हळू बोलला, "गेले काय रे ते?"

आता पुढचं ऐका. मला मालवणी समजतं, बोलता येत नाही. आपण मुंबईची पोरं. पण मी बोललो. माझ्याच तोंडातून आलं, घाई नाही, भीती नाही.

"तुमी जावा. मी हय आसंय." तुम्ही जा, मी इथे आहे. मागे राहणारा होडीतल्यांना सांगेल तसं.

आबांनी डोळे मिटले आणि शांत झोपले. ते अजून आहेत, बघताय तुम्ही, पुन्हा बोलले मात्र नाहीत.

आईने मला जवळ ओढलं, केसांतून हात फिरवला आणि थांबली. "भिजलास कुठे रे?"

केस ओले होते. सगळे नाही, फक्त टाळूवर, ओंजळभर. तिथून पाणी कपाळावर, कपाळावरून नाकावर. गार. जिभेवर मिठाची चव. घाम असा टाळूवर ओतल्यासारखा येतो काय? आत्याने बोट लावलं आणि पटकन मागे घेतलं. मी काही विचारलं नाही. चर्चमध्ये बारशाला केक मिळतो म्हणून मी एकदा मागे जाऊन बसलेलो. तिथे नाव ठेवताना पाद्रीने पोराच्या टाळूवर पाणी कसं ओतलं, ते मी बघितलंय.

परवा आमच्याकडे म्हाळ आहे. बाबांनी स्वतः सांगितलंय, आठ पानं आण. ते मंडळात गेले काय नाही काय, मी मांडणारच होतो. गाऱ्हाणं पण मीच घालणार, ती ओळ पण म्हणणार, समोर कोण बसतो ते बसू दे.

फक्त एक करा. कंदील जरा इकडे आणा आणि कोणीतरी माझ्या डोक्याला हात लावून बघा. सकाळपासून तीनदा पुसलंय.